हरवलेल्या मतदारसंघाचा माग : कोल्हापुरातील एका जुन्या वाचनालयाच्या संदर्भ विभागाविषयी

कोल्हापूरच्या एका जुन्या पेठेतील वाचनालयाच्या संदर्भ विभागात मी गेल्या महिन्यात सलग पाच दिवस बसलो. वर्तमानपत्रांचे बांधीव गठ्ठे, कात्रणांच्या फायली आणि निवडणुकांसंबंधीच्या शासकीय पुस्तिका एवढ्यासाठीच मी तेथे गेलो होतो, म्हणून येथे फक्त त्या विभागाविषयी लिहीत आहे. वाचनालयाचे नाव मुद्दाम दिलेले नाही. काही त्रुटी स्पष्टपणे लिहायच्या आहेत आणि ही संस्था मोजक्या माणसांच्या कष्टावर उभी आहे. जुन्या निवडणुकांच्या शोधात असलेल्या माणसाला ती शोधून काढणे अवघड जाणार नाही.

माझे काम इचलकरंजी लोकसभा मतदारसंघाचा सलग निवडणूक इतिहास लिहून काढण्याचे होते. १९७७ ते २००४ या काळात नऊ सार्वत्रिक निवडणुका पाहिलेला हा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत संपला. मी जन्माने इचलकरंजीचा. मतदानाचे वय २१ होते त्या काळात, १९८४ साली मी पहिले मत दिले, ते इचलकरंजी मतदारसंघासाठी. २००९ साली त्याच शाळेच्या त्याच खोलीत मत दिले, ते हातकणंगले मतदारसंघासाठी. आमचे घर हलले नव्हते, गल्लीही हलली नव्हती. पुतण्याने एकदा विचारले, “काका, आपल्या मतदारसंघाचा पहिला खासदार कोण?” या साध्या प्रश्नाचे उत्तर देताना माझी तीन वेळा चूक झाली. एवढी वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकवूनही आपल्याला आपलाच मतदारसंघ सांगता येत नाही, याचे मनापासून वाईट वाटले आणि मी कोल्हापूरची एस.टी. धरली.

विभाग पहिल्या मजल्यावर आहे. जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा असल्यामुळे वयस्क वाचकांनी सोबत कोणाला तरी नेणे बरे. वर गेल्यावर मात्र लांब सागवानी टेबले, उत्तरेकडच्या मोठ्या खिडक्या आणि भरपूर उजेड आहे. गठ्ठा उलगडून दोन्ही हातांनी पान उलटता येईल एवढी मोकळी जागा आजकाल फारशा वाचनालयांत मिळत नाही. सभासद नसलेल्यांकडून दिवसाचे किरकोळ शुल्क घेतात आणि त्याची रीतसर पावती देतात. पंखे जोरात लावत नाहीत, कारण पिवळी पडलेली पाने वाऱ्याने फाटतात. हे मला सांगितले गेले तेव्हा उकाड्याची तक्रार करण्याचे धैर्य झाले नाही.

या विभागाची खरी ताकद तेथील मामा आहेत. हुद्दा शिपायाचा असला तरी कोणता गठ्ठा कोणत्या कपाटात, कोणत्या फळीवर आहे हे त्यांना तोंडपाठ आहे. मी हातकणंगले मतदारसंघाचे कार्ड काढून १९६२ पासूनचे अंक मागितले, तेव्हा त्यांनी चिठ्ठी वाचून लगेच सांगितले, “सर, एकाहत्तरच्या पुढं ह्या नावाखाली काय न्हाई गावायचं. सत्त्याहत्तरपासनं इचलकरंजीच्या कपाटात बघायचं, आन् नऊपासनं परत हितं यायचं.” ग्रंथालयाच्या सूचीत जो दुवा कोठेच लिहिलेला नव्हता, तो या माणसाच्या डोक्यात पक्का होता. पाच दिवसांतील सर्वांत मोलाची माहिती मला पहिल्या अर्ध्या तासात मिळाली, ती अशी.

आणि विभागाची मुख्य त्रुटीही हीच आहे. सूची नावाप्रमाणे लावली आहे, भूभागाप्रमाणे नाही. ‘हातकणंगले’ या शीर्षकाखाली १९६२, १९६७ आणि १९७१ च्या निवडणुका आहेत, त्यानंतर मोठी पोकळी आहे आणि मग एकदम २००९ येते. ‘इचलकरंजी’ या शीर्षकाखाली १९७७ ते २००४ आहे, त्याच्या मागेही काही नाही आणि पुढेही काही नाही. ‘हेही पाहा’ असे एक वाक्य दोन्ही कार्डांवर असते, तर नवख्या वाचकाचे दोन दिवस वाचले असते. केवळ सूचीवर विसंबणाऱ्याचा असा समज होईल की हातकणंगले मतदारसंघात ३८ वर्षे निवडणूकच झाली नाही आणि इचलकरंजीच्या मतदारांनी २००४ नंतर मतदान सोडून दिले.

प्रत्यक्षात ही एकच कथा आहे आणि ती त्याहूनही मागे जाते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कोल्हापूर हा साताऱ्याशी जोडलेला द्विसदस्यीय, म्हणजे दोन खासदार निवडून देणारा, मतदारसंघ होता. १९५७ साली कोल्हापूर या द्विसदस्यीय मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाचे भाऊसाहेब महागावकर आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे शंकरराव दिघे असे दोघे निवडून गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा तो जोर होता. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्यीय मतदारसंघ बंद झाल्यावर १९६२ साली हातकणंगले हे नाव यादीत आले आणि काँग्रेसचे कृष्णाजी लक्ष्मण मोरे तेथून खासदार झाले. १९६७ साली येथून छत्रपती राजाराम महाराजांच्या राणी विजयमालादेवी शेतकरी कामगार पक्षाच्या वतीने लोकसभेवर गेल्या. २०२४ साली शाहू छत्रपती कोल्हापूरमधून निवडून आले, तेव्हा राजघराण्याच्या राजकारणाची चर्चा सर्वत्र झाली. पण राजघराण्यातील एका स्त्रीने त्याच्या ५७ वर्षे आधी शेजारच्या मतदारसंघातून, तेही शेतकरी कामगार पक्षाच्या लाल बावट्याखाली, लोकसभा गाठली होती, याची आठवण मला या गठ्ठ्यांनीच करून दिली. १९७१ साली काँग्रेसचे दत्ताजीराव कदम विजयी झाले. इचलकरंजीच्या सहकारी वस्त्रोद्योगाच्या उभारणीत ज्यांचे नाव आजही घेतले जाते आणि ज्यांच्या नावाची तंत्रशिक्षण संस्था शहरात आहे, तेच हे कदम. मतदारसंघाचे नाव हातकणंगले असले तरी त्याचा भार इचलकरंजीकडे झुकू लागला होता, असे मला वाटते.

१९७१ च्या जनगणनेवर आधारलेल्या पुनर्रचनेने महाराष्ट्रातील जागा ४५ वरून ४८ झाल्या आणि १९७७ पासून इचलकरंजी हे नाव आले. जागांची संख्या गोठवली गेल्यामुळे आणि सीमाही तशाच राहिल्यामुळे हा नकाशा २००४ पर्यंत टिकला. पुनर्रचनेच्या आदेशांच्या जुन्या प्रती या विभागात आहेत, ही त्याची फार मोठी जमेची बाजू आहे. मराठीत निवडणुकांवर लिहिणारे बहुतेक जण उमेदवारांपासून सुरुवात करतात. मला मात्र या पुस्तिका वाचल्यावर उमेदवारांच्या आधी सीमा वाचल्या पाहिजेत असे ठामपणे वाटू लागले आहे. कोणते गाव कोणाच्या पदरात पडले हे कळल्याशिवाय कोण का हरला हे कळत नाही.

मार्च १९७७ च्या गठ्ठ्यापाशी मी एक पूर्ण दिवस घालवला आणि तो दिवस निराशेचा होता. आणीबाणीनंतरच्या त्या निवडणुकीत महाराष्ट्रातील ४८ पैकी काँग्रेसला २० जागा मिळाल्या होत्या आणि आपल्या जिल्ह्यातील दोन मतदारसंघांनी दोन वेगळे निकाल दिले होते. कोल्हापूरमध्ये शेतकरी कामगार पक्षाचे दाजिबा देसाई यांनी काँग्रेसचे शंकरराव माने यांना अवघ्या १६५ मतांनी हरवले. इचलकरंजीत, नव्या नावाच्या पहिल्याच निवडणुकीत, काँग्रेसचे बाळासाहेब माने विजयी झाले. लागून असलेल्या दोन मतदारसंघांतील हा फरक समजून घेण्यासाठी त्या आठवड्याचे अंक तालुकावार वाचणे आवश्यक होते. गठ्ठा उघडला, तर निकालाच्या दिवसांची पहिली पाने धारदार पात्याने कापून नेलेली आढळली. कोणी, केव्हा, कशासाठी कापली हे आता कळण्याचा मार्ग नाही. वाचनालयाने त्या काळी वाचकांवर पुरेशी नजर ठेवली नाही, हे खरे आहे आणि ते लिहिले पाहिजे. पण इतिहासाची पाने घरी नेऊन ठेवणारा वाचकही तेवढाच दोषी आहे. खालच्या फळ्यांवरील काही गठ्ठे २०१९ च्या महापुरानंतर ओलीने चिकटले आहेत आणि ते उघडू देत नाहीत. संदर्भ विभाग पहिल्या मजल्यावर असताना ते गठ्ठे तळमजल्याच्या कोठीत का ठेवले होते, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला मिळाले नाही.

नावांच्या बाबतीत वाचकाने स्वतः सावध राहावे लागते. बाळासाहेब माने यांचे कागदोपत्री नाव राजाराम शंकरराव माने. कोल्हापूरमधून १९६७ साली जिंकलेले आणि १९७७ साली हरलेले काँग्रेसचे उमेदवार शंकरराव माने, ही वेगळी व्यक्ती. शिवाय १९७१ साली कोल्हापूरमधून जे निवडून आले ते राजाराम निंबाळकर. कार्डे लिहिणाऱ्याने ‘माने राजाराम’ आणि ‘माने शंकरराव’ यांची कात्रणे एकाच फायलीत घातली आहेत, त्यामुळे एकच माणूस १९७७ साली एका मतदारसंघात हरला आणि दुसऱ्यात जिंकला असा विलक्षण समज होतो. माझ्या पहिल्या टिपणात ही चूक शिरली होती. तिसऱ्या दिवशी ती लक्षात आल्यावर मी पूर्वीची चार पाने खोडून पुन्हा लिहिली.

त्यापुढील कात्रणे मात्र उत्तम आहेत. रुकडीच्या बाळासाहेब मान्यांनी १९७७, १९८०, १९८४, १९८९ आणि १९९१ अशा सलग पाच निवडणुका जिंकल्या. १९८० ची इंदिरा गांधींच्या पुनरागमनाची निवडणूक आणि १९८४ ची सहानुभूतीची लाट यांचा त्यांना फायदा झाला असणार हे उघड आहे, परंतु १९७७ आणि १९८९ साली देशभर काँग्रेस हरत असतानाही ते टिकले, याचे उत्तर लाटेत सापडत नाही. या फायलीतील ऊस, पाणी, सूत आणि सहकारी संस्थांच्या बातम्या निवडणुकीच्या बातम्यांच्या शेजारी लावलेल्या आहेत. त्या काळातील कात्रणे लावणाऱ्याची जाण मला येथे दिसली. पंचगंगा आणि कृष्णाकाठचा ऊस, इचलकरंजीचे यंत्रमाग आणि त्या दोन्हींभोवती उभ्या राहिलेल्या संस्था यांना जोडून घेणारा उमेदवार या मतदारसंघात टिकतो, हे त्या फायली एकापाठोपाठ वाचताना आपोआप समजते. निवडणुकीचे कात्रण तेवढे वेगळे काढून ठेवले असते तर हे कळले नसते.

१९८९ ची फाईल मला विशेष जिव्हाळ्याची वाटली, कारण मतदानाचे वय १८ झाल्यानंतरची ती पहिली लोकसभा निवडणूक होती आणि माझे धाकटे भावंड तेव्हा माझ्याबरोबर रांगेत उभे होते.

१९९६ आणि १९९८ साली काँग्रेसचे कल्लाप्पाण्णा आवाडे खासदार झाले. म्हणजे मतदारसंघाच्या नावाच्या शहराला स्वतःचा खासदार मिळायला जवळजवळ दोन दशके लागली. १९९९ साली राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना झाली आणि काही महिन्यांतच झालेल्या निवडणुकीत बाळासाहेबांच्या सूनबाई निवेदिता माने यांनी राष्ट्रवादीच्या उमेदवार म्हणून आवाडे यांचा पराभव केला. त्या वर्षी नव्या पक्षाला महाराष्ट्रात सहा जागा मिळाल्या होत्या. त्यांतील दोन, कोल्हापूर आणि इचलकरंजी, आपल्या एकाच जिल्ह्यातील होत्या. २००४ साली निवेदिताताई पुन्हा जिंकल्या. देशभर सर्वत्र मतदान यंत्रांवर झालेली ती पहिली सार्वत्रिक निवडणूक, आणि इचलकरंजी मतदारसंघाची शेवटची. या दोन निवडणुकांच्या फायली जाड आहेत, पण १९९८ ची फाईल पातळ आहे आणि तिच्यात बरीचशी कात्रणे तारखेविना चिकटवली आहेत. तारीख नसलेले कात्रण संशोधकाला जवळजवळ निरुपयोगी असते. आज ती कामे करणाऱ्यांनी निदान यापुढे तरी दिनांक आणि पान क्रमांक लिहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

२००१ च्या जनगणनेवर आधारलेल्या पुनर्रचनेने, जी २००८ साली अमलात आली, इचलकरंजी हे नाव गेले आणि हातकणंगले परत आले. नव्या मतदारसंघात शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी आणि शिरोळ यांच्याबरोबर सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर आणि शिराळा हे विधानसभा मतदारसंघ जोडले गेले. त्यानंतरच्या फायली वाचनालयात वेगळ्या कपाटात आहेत, आणि येथेच मला या सेवेचे सर्वांत मोठे मोल कळले. दोन्ही कपाटांतील फायली एकाच टेबलावर शेजारी ठेवल्यावर संपलेला मतदारसंघ संपलेलाच नव्हता हे स्पष्ट दिसले. २००९ साली स्वाभिमानी पक्षाचे राजू शेट्टी यांनी ९५,०६० मतांनी हरवले ते निवेदिता माने यांना. २०१४ साली त्यांनी १,७७,८१० मतांनी हरवले ते कल्लाप्पाण्णा आवाडे यांना. म्हणजे जुन्या इचलकरंजी मतदारसंघाच्या दोन माजी खासदारांना त्यांनी लागोपाठ दोन निवडणुकांत पराभूत केले. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेतून, म्हणजे ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या मेळाव्यातून, उभे राहिलेले शेट्टींचे नेतृत्व जुन्या संस्थात्मक नेतृत्वाला हटवत होते. २०१९ साली निवेदिताताईंचे पुत्र आणि बाळासाहेबांचे नातू धैर्यशील माने यांनी शिवसेनेकडून शेट्टींचा ९६,०३९ मतांनी पराभव केला. २०२४ साली ते पुन्हा निवडून आले, पण सत्यजित पाटील सरूडकर यांच्यावरील त्यांचे मताधिक्य १३,४२६ एवढेच राहिले आणि शेट्टी तिसऱ्या क्रमांकावर गेले. आजोबा, आई आणि नातू अशा तीन पिढ्यांचे नाव दोन वेगवेगळ्या मतदारसंघांच्या याद्यांत विभागले गेले आहे. त्यामुळे एकेक यादी वाचणाऱ्याला घराणे दिसते, पण त्या घराण्याचा पराभव आणि परतणे दिसत नाही.

मतांचे आकडे आज घरी बसूनही मिळतात, मग जिना चढून जायचे कशाला, असे कोणी विचारील. आकडे मिळतात हे खरे. मात्र प्रचारात कोणता प्रश्न गाजला, कोणत्या गावात कोणाची सभा झाली, उमेदवारी नाकारल्यावर कोण कोणाकडे गेले, हे फक्त स्थानिक अंकांतच आहे. ‘पुढारी’ आणि ‘सत्यवादी’ यांचे जुने अंक शेजारी ठेवून वाचण्याची सोय मला येथे मिळाली आणि तिच्यासाठी मी संस्थेचा ऋणी आहे. एक सूचना मात्र करतो. मतपत्रिकांच्या काळात मोजणी रात्रीपर्यंत आणि कधी दुसऱ्या दिवसापर्यंत चाले. अंक छपाईला जाताना हाती आलेले आकडे अपुरे असत. म्हणून बातमीतील मताधिक्य तसेच उतरवू नये, निवडणूक आयोगाच्या अहवालाशी ताडून घ्यावे.

छायाप्रत काढू देत नाहीत, कारण दाब पडून पाठीची शिवण उसवते. मोबाईलने छायाचित्र घेण्यास लेखी अर्ज करावा लागतो आणि त्याला एक दिवस लागतो. माझ्या मते हा नियम योग्य आहे, पण तो जिन्याच्या पायथ्याशीच फलकावर लिहावा, म्हणजे गडहिंग्लज-चंदगडहून आलेल्या माणसाची खेप वाया जाणार नाही. पिण्याचे पाणी आहे, स्वच्छतागृह तळमजल्यावर आहे. दुपारी विभाग बंद राहतो, तेव्हा सकाळी उघडताच पोहोचणे चांगले. सूची सुधारली आणि चिकटलेले गठ्ठे जाणकारांकडून सोडवून घेतले, तर दक्षिण महाराष्ट्राच्या राजकारणावर काम करणाऱ्याला याहून चांगली जागा मी सुचवू शकणार नाही. आजच्या स्थितीतही मी ती सुचवतो, मात्र मामा रजेवर नाहीत याची आधी खात्री करावी.

शेवटच्या दिवशी मी ग्रंथपाल ताईंना दोन कोरी कार्डे मागितली. एकावर ‘हातकणंगले, १९६२ ते १९७१ : पुढे इचलकरंजी पाहा’ आणि दुसऱ्यावर ‘इचलकरंजी, १९७७ ते २००४ : मागे व पुढे हातकणंगले पाहा’ असे लिहून दिले. त्यांनी ती वाचली, मामांना दाखवली आणि माझ्यासमोरच खणात लावली. मार्च १९७७ च्या निकालाच्या पानांची जागा मात्र अजून रिकामी आहे. इचलकरंजी, शिरोळ, हातकणंगले किंवा करवीर भागात कोणाच्या माळ्यावर, ट्रंकेत किंवा आजोबांच्या कागदांत त्या आठवड्याचा अंक शिल्लक असेल, तर त्यांनी तो देऊ नये हवे तर, पण त्याचे छायाचित्र जवळच्या जुन्या वाचनालयात नेऊन द्यावे.